व्हरांड्यातला समुद्र

भिलाईत समुद्र पाळायचा म्हटल्यावर लोक हसायचे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या माणसांनी वैनगंगेहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. मीही हसले असते, पण हसायला मन रिकामं लागतं, आणि त्या वर्षी माझ्या मनात सकाळपासून एकच घोर असायचा: हे आज जेवतील की नाही.

हे म्हणजे माझे यजमान. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, आमच्या बोलण्यात प्लांटमध्ये, खलाशी होते. खलाशी म्हणजे दोर, साखळ्या आणि कप्प्या लावून लोखंडाचे अजस्र खांब उभे करणारा माणूस. लग्नाआधी ह्यांना काही महिने विशाखापट्टणमच्या बंदरावर धाडलं होतं, यंत्रांचे पेटारे जहाजातून उतरवायला. तिथून आले ते समुद्राचं वेड घेऊन. ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत पाणी राहतं, आणि त्या पाण्यात ऊन शिरलं की दगडांवर फुलं उमलतात, असं सांगायचे. फुलं दिसतात पण जनावरं असतात म्हणे, बोट लावलं की मिटतात. नवी नवरी म्हणून मी हे सगळं ऐकून घेत असे. मनात म्हणायची, नवऱ्याला दुसरं काही बोलता येत नाही की काय.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका शेडच्या वरच्या तुळईवरून ह्यांचा पाय सुटला. जीव वाचला, पण कंबरेखालचं सगळं गेलं. दवाखान्यात बरेच महिने ठेवलं आणि मग डॉक्टरांनी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बाजूला नेऊन सांगितलं की आता घरीच न्या.

क्वार्टर मामाजींचं होतं. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोडून ते इथं आले होते आणि प्लांटच्या वेल्डिंगच्या कामावर लागले होते. दोन खोल्या, मागे व्हरांडा, अंगण. ह्यांची खाट पुढच्या खोलीत टाकली. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. भेटायला येणारा माणूस दारातूनच चुकचुकत आत यायचा, ह्यांच्या पायांकडे पाहायचा आणि पुन्हा चुकचुकत जायचा. तो गेला की हे जेवायचं ताट परत पाठवायचे. एकदा मी घास घेऊन बसले, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले आता जगून काय करायचं आहे? तू कावून जीव काढून राहिली?" मी ताट तिथंच आपटलं. रडले नाही, मला रडण्याआधी राग येतो. पण त्या दिवशी मला पक्कं कळलं की हा माणूस मरायचं ठरवून बसला आहे, आणि ह्याला थांबवेल असं आमच्याजवळ काही नाही.

तेव्हा चरोद्याचे भाऊजी आले. ते ह्यांचे मावसभाऊ, रेल्वेत मालगाडीवर गार्ड, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायचे. त्यांनी वाल्टेरच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या स्टेशनावरच्या, एका गार्डाला सांगून काचेच्या बाटलीत समुद्राचं पाणी आणि एक मुठीएवढा दगड मागवला होता. दगडावर तपकिरी, लिबलिबीत असं काहीतरी चिकटलेलं होतं. सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, नाक मुरडलं. भाऊजींनी बाटली खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली, आणि ह्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"उनात ठेव थे," हे मला म्हणाले.

"कावून?"

"उनाबिगर उघडत नाई. ठेव त खरी."

मी बाटली खिडकीच्या उन्हात सरकवली. बऱ्याच वेळानं त्या लिबलिबीत गोळ्यातून बारीक बारीक पाकळ्या बाहेर आल्या आणि पाण्यात डोलायला लागल्या. आम्ही सगळेच वाकून पाहत होतो. सासूबाई म्हणाल्या, "मसाल्यातलं दगडफूल दिसते वो." हे हसले. किती महिन्यांनी हसले ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी ह्यांनी भाकर मागितली. मी चुलीसमोर बसून मग खरी रडले.

मग ह्यांच्या मनात घरातच समुद्र करायचं आलं आणि टाकीचं सुरू झालं. हे खाटेवरून हुकूम सोडायचे आणि आम्ही पळायचं. मामाजींनी अँगलची चौकट वेल्ड केली, खाटेएवढी लांब. जाड काच दुर्गहून सायकलरिक्षात आडवी धरून आणली. मामाजी वाटभर रिक्षाशेजारून चालत आले, वरातीत घोड्याला धरतात तशी काचेला धरून. सांधे पुटीनं भरले. पण लोखंडाचं आणि खाऱ्या पाण्याचं वैर मामाजींना चांगलं ठाऊक होतं. "आमी जे बनवतो त्याले हे मीठ खाते," म्हणत त्यांनी चौकटीला आतून बाहेरून डांबराचे हात दिले. आठवडाभर घराला रस्त्याचा वास येत होता. टाकी आधी नळाच्या पाण्यानं भरून पाहिली, गळली, पुन्हा डांबर लावलं, पुन्हा गळली. तिसऱ्यांदा टिकली, तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं.

ऊन हवं म्हणून टाकी मागच्या व्हरांड्यात ठेवली, आणि शेजारी ह्यांची खाट. वरचे पत्रे काढून मामाजींनी तिथं काचा बसवल्या. सरकारी क्वार्टरचं छत काढायला परवानगी लागते, ती कोणी मागितली नाही. काचा बसल्या तरी प्लांटची तांबडी धूळ रात्रभर त्यांच्यावर पडायची, आणि सकाळी ऊन आत यायचं ते गढूळ. म्हणून रोज उठल्या उठल्या मी शिडीवर चढून ओल्या फडक्यानं काचा पुसायची. शेजारच्या बायकांना वाटायचं, हिला नवऱ्याच्या दुःखानं वेड लागलं, छपराची धुणीभांडी करते. मी वरून त्यांना रामराम घालायची.

पाणी वाल्टेरहून यायचं. तिथला गार्ड काचेच्या मोठ्या बरण्या भरून आपल्या डब्यात ठेवायचा, पुढच्या गार्डाच्या हवाली करायचा, तो त्याच्या पुढच्याच्या, असं हातोहात रायपूरपर्यंत, आणि तिथून भाऊजी आणायचे. टाकी भरता भरता हिवाळा सरला. बरणीबरोबर कधी दगड यायचा, कधी पोवळ्याचा ओला तुकडा, कधी शंखात राहणारा खेकडा. एकदा पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे जिवंत आले, तेव्हा भाऊजी ड्यूटीचा कोट न काढता धावत आले होते.

पाणी हलतं ठेवायला हवा लागायची. सुपेल्याच्या गॅरेजातून ट्रकची जुनी ट्यूब आणली. ती सायकलच्या पंपानं टम्म फुगवायची आणि तिची हवा बारीक नळीतून टाकीत सोडायची. ट्यूब रिकामी झाली की पुन्हा पंप. हे काम माझं. माझे दंड कोणा पैलवानासारखे झाले, आणि हे त्यावरून माझी थट्टा करायचे. "हिले आखाड्यात धाडा, बाबाचं नाव काढन," म्हणायचे. उन्हानं पाणी आटलं की किती गोडं पाणी घालायचं, हेही ह्यांनीच शोधलं. एका लहान बाटलीत वाळू भरून, बूच मारून ती टाकीत सोडली आणि पाणी लागतं तिथं तांबड्या रंगाची खूण केली. पाणी जास्त खारट झालं की बाटली वर यायची आणि खूण पाण्याबाहेर दिसायची. मी म्हटलं, एवढं डोकं आहे तर शाळा का सोडली? म्हणाले, "तवा समुद्र नोता न."

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी टाकीकडे पाहिलं की मलाही खरं वाटेना. दगड तपकिरी-हिरवे झाले होते. सूर्य वर आला की एकेक फूल उघडायचं, पोवळ्यावर बारीक लव उभी राहायची, पट्ट्याचे मासे त्यातून सुळकन जायचे. हे कुशीवर वळून पाहत राहायचे. दाढी करून मागायचे. दोन्ही वेळा जेवायचे. एकदा मला जवळ बसवून म्हणाले, "ह्या फुलाले पाय नाईत पाह्य. एका जागी राह्यते, आन् जगते." मला इतका आनंद झाला होता की बोलायची भीती वाटली.

आणि मग लोक यायला लागले. खुर्सीपारचे मजूर, मामाजींच्या कामावरचे, गावाकडचे नातलग, सगळे समुद्र बघायला. आता त्यांचं ह्यांच्या पायांकडे लक्षच जायचं नाही. एकानं विचारलं, "समुंदर इतना ही होता है?" तर हे म्हणाले, "बाकी का वहीं छोड़ आए." खाटेवरचा माणूस आता घरमालकासारखा बोलत होता.

आमच्याकडची रीत अशी की गाडी मोठ्या नदीच्या पुलावर आली, की खिडकीतून पैसा टाकायचा आणि हात जोडायचे. समुद्र तर सगळ्या नद्यांचा बाप. पहिला पैसा सासूबाईंनी टाकला. तांब्याचा, मधे भोक असलेला जुना पैसा. नवे पैसे आल्यापासून हे जुने पैसे बाजारात चालत नव्हते आणि घरोघरी डब्यात पडून होते, त्यामुळे देवाला वाहायला कोणालाच जड जात नव्हते. सासूबाईंनी डोळे मिटून मोठ्यानं नवस बोलला: "माह्या लेकराले पायावर उभं कर, मी तुले रोज पैसा वाहीन." ह्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं. पण आईचे जोडलेले हात दिसले आणि ते गप्प बसले.

त्यानंतर येणारा प्रत्येक जण पैसा टाकून हात जोडायचा. कोणी जुना, कोणी नवा तांबडा. पांढऱ्या वाळूवर ते झकास दिसायचे. मी एकदा म्हटलं, काढून ठेवू का, मासे गिळतील. सासूबाई माझ्यावर कडाडल्या. वाहिलेलं उचलत नाहीत. ते खरंच होतं, माझ्या माहेरीही कोणी उचललं नसतं.

आधी शंखातला खेकडा मेला. मग एका कडेच्या दगडावरची फुलं उघडेनात. पोवळ्यावरून चिकट पाणी सुटलं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. वैशाख होता, ऊन भाजत होतं. सासूबाई म्हणाल्या, ऊन लय झालं, काचेवर पोतं टाक. मी म्हटलं, उनावरच तर ती जगतात. आमची जुंपली. मी पोतं टाकलं नाही. मग वाटलं म्हातारी बरोबर असेल, म्हणून दोन दिवस टाकलं. तर फुलं आणखीच मिटली, आणि मी काढलं. भाऊजींनी ताज्या पाण्याच्या बरण्या आणल्या. त्या ओतल्या की चार दिवस बरं दिसायचं आणि पुन्हा तेच. पट्ट्याचे मासे मात्र मजेत होते. मला त्यांचा राग यायचा.

सासूबाईंना एकच उपाय ठाऊक होता. समुद्र रुसला असं त्यांना वाटलं. रोज एक होता तिथं दोन पैसे झाले, मग मूठभर. शेजारणींचे डबेसुद्धा रिकामे करून आणले.

हे दिवसभर टाकीकडे पाहत असायचे. पाहण्याशिवाय ह्यांना दुसरं काम नव्हतं, त्यामुळे आमच्यापेक्षा ह्यांना जास्त दिसायचं. एका दुपारी सासूबाई मंदिरात गेल्या असताना ह्यांनी मला लोणच्याची रिकामी चिनी बरणी धुऊन आणायला सांगितली. नुकत्याच आलेल्या पाण्यातलं थोडं तिच्यात घालायला लावलं, आणि टाकीच्या दूरच्या कोपऱ्यातला, एकच फूल जिवंत असलेला दगड त्यात ठेवायला लावला. बरणी खाटेच्या उशाशी, उन्हाच्या पट्ट्यात.

"हिच्यात कोनाले काई टाकू देऊ नको," म्हणाले. "आन् आईले सांगू नको."

मला वाटलं, वैताग आला असेल. आठवडाभरानं ते फूल उघडलं. आधीसारखं मोठं, डोलणारं. टाकीत सगळीकडे मरण पडलं होतं आणि बरणीत हे एकच. ह्यांच्या तोंडावर जे दिसलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. काहीतरी खरं ठरलं असं ते तोंड होतं.

मी अंगणात ट्यूबला पंप मारत होते, तेव्हा सासूबाईंना ती बरणी दिसली. त्या हरखून गेल्या. "अवो माय, हे जितं आहे! आयकलं वो देवानं!" त्यांनी कनवटीचा पैसा काढला, कपाळाला लावला आणि बरणीत सोडला. हे खाटेवरून पाहत होते. बरणी हाताच्या अंतरावर होती. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. हे बोलले नाहीत. आईनं ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, तो फिरवू दिला.

फूल दुसऱ्या दिवशी मिटलं, ते मिटलंच. ह्यांनी तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. मी भांडले, पाया पडले, ताटं आपटली. भाऊजींनी पुन्हा बरण्या आणल्या, तर ह्यांनी त्या उघडूही दिल्या नाहीत. पावसाळ्यात पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप चढला, आणि भादव्यात हे गेले. टाकीत ते दोन मासे होते. तेरावं झाल्यावर मामाजींनी टाकीच्या काचा फोडल्या. मासे त्याआधीच भाऊजी बरणीतून घेऊन गेले होते, पुढचं मी विचारलं नाही.

मी त्याच घरात राहिले. सासूबाई आणि मी भांडत भांडत एकमेकींच्या सोबतीनं म्हाताऱ्या झालो. मामाजी गेले, क्वार्टर सुटलं, सुपेल्यात दोन खोल्या घेतल्या. एकदा भाऊजींची धाकटी मुलगी भेटायला आली. ती नागपूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. तिनं वडिलांकडून टाकीची गोष्ट ऐकलेली होती आणि मला खोदून खोदून विचारत होती. मी सगळं सांगितलं. पैशांचं सांगितलं, तेव्हा ती थांबली.

"काकू, तांब्याचे पैसे? खाऱ्या पाण्यात?"

"हो."

"आणि मासे जगले?"

"जगले."

"मग तांब्यानंच मेलं ते सगळं. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. मासे थोडं सोसतात, पण ही फुलं, खेकडे, पोवळी नाही सोसत."

मी विळी बाजूला ठेवली. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, तांब्यात लोणचं ठेवत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पैसा देवाला वाहिला म्हणून तो आमच्या लेखी तांब्याचा राहिलाच नव्हता. एकाच माणसाला तो तांब्याचा दिसला होता. ह्यांनी बरणी करून ते पडताळून पाहिलं होतं. ह्यांना कळलं होतं. आणि आईला सांगायचं तर काय सांगायचं, की तुझ्या नवसानंच मारलं? म्हणून गप्प बसले. आईचा हात आडवला नाही, आणि त्या गप्प बसण्यात स्वतः गेले.

मला दया आली नाही. मला इतका राग आला की कानशिलं तापली. आईचं मन राखलंत, फार चांगलं केलंत. मी रोज शिडीवर चढत होते, दंड दुखेपर्यंत हवा भरत होते, ती कोणासाठी? माझ्यासाठी एक शब्द तोंडातून काढला असता तर काय बिघडलं असतं? म्हातारी रडली असती, चार दिवस जेवली नसती. पण तुम्ही असता. खाटेवर का होईना, असता. हे सगळं मला मोठ्यानं बोलायचं होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं.

सासूबाई पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं. पोरगी गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हने थे पोरगी? कायनं मेले म्हने?"

इतक्या वर्षांच्या भांडणात माझ्या हाती असं काही कधी लागलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातली बाई, मांडीवर शेंगांची टरफलं.

"उनानं मेले म्हने," मी मोठ्यानं म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "म्या सांगून राहिली होती तुले, पोतं टाक, पोतं टाक. तुनं आयकलं नाई. आयकलं असतं त माहं लेकरू असतं आज."

"हो, आत्याबाई," मी म्हटलं. "नाई आयकलं."